करवल्यांचे जोडे

नाताळचे दिवस सरलेले असतात आणि राखेच्या बुधवाराला अद्याप काही आठवड्यांचा अवकाश असतो, त्या मधल्या काळात वसईच्या पट्ट्यात, पापडीपासून नंदाखाल-आगाशीपर्यंत, लग्नांची जी एकच धांदल उडते, तिच्यात पत्रिकेचा मजकूर, बँडचा ठराव, केकचे मजले आणि हॉलची पेशगी या थोर विषयांच्या जोडीने एक अगदी किरकोळ वाटणारा विषय घरोघर चर्चेला निघतो, आणि एकदा निघाला की कोणाला तरी रडवल्यावाचून सहसा मिटत नाही: वधूसोबत चालणाऱ्या करवल्यांनी पायांत काय घालावे? विषय किरकोळ आहे हे मला मान्य आहे. वृत्तपत्राच्या ज्या पानावर धरणांतील पाणी आणि पालिकांची अंदाजपत्रके यांची चिकित्सा चालते, त्याच पानावर सॅटिनच्या जोड्याची टाच किती इंच असावी याचा खल करणे काही वाचकांस औचित्यभंगाचे वाटेल, हेही मी जाणतो. तथापि ज्या गोष्टी आपण किरकोळ म्हणून विचारातून वगळतो, त्यांच्यातच हुकूम कोणाचा आणि सोसणे कोणाचे हे सर्वांत उघडपणे दिसून येते. आणि करवल्यांच्या जोड्यांच्या बाबतीत तर हुकूम एकीचा, सोसणे दुसरीचे आणि पुष्कळदा पैसाही त्या दुसरीचाच, असा मामला असतो.

हिंदू विवाहपद्धतीत वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न मुळात पडणारच नाही, कारण वधूच्या पाठीशी दिवा किंवा कऱ्हा घेऊन उभ्या राहणाऱ्या करवलीचे पाय मांडवात शिरतानाच अनवाणी झालेले असतात. तिथे जोड्यांचा संबंध आलाच तर नवऱ्या मुलाचे जोडे लपवून पैसे उकळण्यापुरता, आणि तो प्रघातही बव्हंशी उत्तरेकडून व 'हम आपके हैं कौन'सारख्या चित्रपटांतून आपल्याकडे आलेला पाहुणा आहे. आपला स्वतःचा मान कानपिळीचा. ख्रिस्ती विवाहाची गोष्ट निराळी. आमच्याकडे चर्चच्या दारात जोडे उतरविण्याचा सार्वत्रिक दंडक नाही (लग्नाला आलेले हिंदू शेजारी केवळ सवयीने पायरीशी चपला काढून आत येतात आणि मग सबंध मिस्साभर त्यांचे अर्धे लक्ष त्या चपलांकडे असते, ही गोष्ट अलाहिदा). त्यामुळे दुपारी घरात पायांत चढलेला जोडा चर्चचा विधी, छायाचित्रे, हॉलमधील प्रवेश, केक, शुभेच्छा, भोजन आणि नृत्य हे सर्व उरकून मध्यरात्रीच्या आसपासच पायांतून उतरतो. गोव्यात ज्यांना धेडी म्हणतात त्या मुलींचीही हीच कथा. वसई १५३४ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, गोव्यात ती राजवट १९६१ पर्यंत टिकली. परंतु आज आपण जिला ख्रिस्ती विवाहाची सनातन रीत समजतो, तो पांढरा पायघोळ झगा आणि त्याच्या मागेपुढे एका रंगात चालणाऱ्या मुली, हा पोर्तुगीज अमदानीचा वारसा नव्हे. वसईच्या जुन्या नवऱ्या लाल लुगड्यात आणि गोव्याच्या लाल साड्यात शोभत आल्या. पांढऱ्या झग्याची टूम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडातून जगभर पसरली, आणि तिच्याबरोबर करवल्यांचा गणवेशही आला.

करवलीच्या पदाला आपण शोभेचे पद समजतो, आणि सारा घोटाळा तिथून सुरू होतो. वस्तुतः त्या दिवशी आचारी आणि बँडवाले सोडले तर तिच्याइतका वेळ पायांवर असणारे माणूस त्या लग्नात दुसरे नसते. मोटारीतून उतरणाऱ्या वधूचा घेर ती सावरते, पायऱ्यांवर झग्याची शेपटी उचलून धरते, वेदीपाशी अंगठ्यांची वेळ आली की वधूच्या हातातला पुष्पगुच्छ आपल्याकडे घेते आणि न विसरता परत देते, जाळीचा बुरखा पंख्याच्या वाऱ्याने उडाला तर तो बसवते, दोन वर्षांच्या पुतण्याने भर मिस्सात भोकाड पसरले तर त्याला उचलून बाहेर नेते, हॉलच्या दारात जोडीदाराच्या हाताला धरून बँडच्या तालावर रांगेने आत येते, आणि त्यानंतर ज्या काकाला कोणीच नृत्याला विचारीत नाही त्याच्याबरोबर नाचण्याचे पुण्यकर्मही तिच्याच वाट्याला येते. विधीत उभे राहणे आहे, बसणे आहे आणि गुडघे टेकणेही आहे. उंच टाचेच्या आणि निमुळत्या तोंडाच्या जोड्यात गुडघे टेकले की शरीराचा भार मुडपलेल्या बोटांवर कसा येतो, हे ज्यांनी अनुभवले नाही त्यांनी या विषयावर मत देण्यापूर्वी एकदा अनुभवून पाहावे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की करवलीचा जोडा हा कामावर तैनात असलेल्या माणसाचा जोडा समजून निवडला पाहिजे. दागिन्यांच्या यादीत त्याला जागा देऊ नये. ही एक गोष्ट मान्य केली की टाच, तळवा, रंग आणि खर्च या चारही तंट्यांचा निकाल फारशा वादावाचून लागतो.

ज्या लग्नाने ही टूम रूढ केली, त्याचीच साक्ष काढू. १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला, त्या वेळी बारा कुलीन कुमारिका तिच्या झग्याची शेपटी धरून चालत होत्या आणि त्यांच्या पोशाखाचा नमुना खुद्द राणीने काढून दिला होता. तरुण राणीचे हे रेखाटन फार सुंदर असेल. पण बारा मुलींच्या मानाने शेपटी आखूड आहे, हा हिशेब कोणी केला नाही. परिणामी त्या बाराजणी एकमेकींना खेटून, धड चालता येईना अशा अवस्थेत, पुढचीच्या टाचेला लाथा देत आणि शेजारणीच्या झग्यावर पाय देत वेदीपर्यंत पोचल्या, असे त्यांच्यापैकीच एकीने, विल्हेल्मिना स्टॅनहोप हिने, नमूद करून ठेवले आहे. साम्राज्याची स्वामिनी, तिच्या दिमतीला सारा दरबार, आणि तरीही करवल्यांच्या पायांचा विचार कोणाच्या दप्तरी आला नाही! या प्रसंगातली दुसरी गोष्ट मात्र आजच्या यजमानिणींनी भिंतीवर लावून ठेवण्याजोगी आहे. राणीने त्या दिवशी घातलेले पांढऱ्या सॅटिनचे, फितीने बांधावयाचे जोडे आजही नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात आहेत, आणि ते सपाट आहेत. ज्या लग्नाचे अनुकरण म्हणून आपण पोरींना चार-चार इंचांच्या टाचांवर चढवितो, त्या लग्नातली नवरी स्वतः सपाट तळव्यावर चालत गेली होती.

दुसरी साक्ष आपल्याला अधिक जवळची. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथचे लग्न वेस्टमिन्स्टर ॲबेत झाले, तेव्हा तिच्या आठ करवल्यांपैकी एक होती पामेला माउंटबॅटन, म्हणजे तीन महिन्यांपूर्वीच स्वतंत्र झालेल्या आपल्या देशाच्या तत्कालीन गव्हर्नर जनरलांची धाकटी कन्या. तिचे आईवडील त्या समारंभासाठी दिल्लीहून लंडनला गेले होते. त्या वेळी इंग्लंडात कपड्यांवर आणि पादत्राणांवर नियंत्रण होते. १ जून १९४१ रोजी ते लागू झाले तेव्हा बाईच्या एका जोड्याला पाच कुपने मोजावी लागत, आणि ही पद्धत मार्च १९४९ पर्यंत चालली. राजकन्येच्या पायांत चांदीच्या बकलांवर मोती बसविलेले सॅटिनचे जोडे होते, ते राजघराण्याला शोभलेही. परंतु त्याच काळात सामान्य घरांतल्या इंग्रज मुली उसन्या झग्यात आणि रोजच्या वापरातल्या जोड्यांत बहिणीच्या मागे उभ्या राहिल्या, आणि त्या लग्नांत काही उणे राहिले असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. जोड्यांचा एकसारखेपणा ही अशी वस्तू आहे की कुपने संपताच ती अदृश्य होते आणि विवाह तरीही यथासांग पार पडतो.

आता जमिनीचा विचार. जोडा पायाला जितका जुळावा लागतो तितकाच तो जमिनीला जुळावा लागतो, आणि आपल्याकडच्या एका लग्नात करवलीला किमान चार प्रकारच्या जमिनी तुडवाव्या लागतात: घरासमोरचे अंगण, चर्चची गुळगुळीत फरशी, हॉलचा नृत्यासाठी पावडर भुरभुरलेला मजला, आणि हल्ली ज्यावर स्वागतसमारंभ ठेवण्याची हौस बळावली आहे ती हिरवळ. वसईच्या वाडीत केळीला सोडलेल्या पाण्याने जमीन सदैव ओलसर असते. गोव्यात तर जांभ्या दगडाच्या खडबडीत पायऱ्या आणि त्यांतील खड्डे. वांद्र्याच्या माउंट मेरीकडे चढणाऱ्या पायऱ्यांविषयी बोलायलाच नको. निमुळत्या टाचेचे टोक जेमतेम एका चौरस सेंटिमीटरचे असते, आणि पन्नास किलो वजनाची मुलगी पाऊल टाकताना क्षणभर सगळा भार त्या टोकावर देते तेव्हा तिथे पडणारा दाब हत्तीच्या पावलाखालच्या दाबाहून कित्येक पटींनी अधिक असतो. हिरवळीवर अशी टाच खिळ्यासारखी रुतते यात हिरवळीचा दोष नाही, मुलीचाही नाही. तो पदार्थविज्ञानाचा नियम आहे आणि वधूच्या मावशीच्या नापसंतीने तो बदलत नाही. जिथे हिरवळ किंवा वाडी आहे तिथे रुंद ठोकळ्याची टाच किंवा तळव्यासकट उंच असलेला वेज घ्यावा. जिथे गुळगुळीत फरशी आहे तिथे तळवा रबराचा असावा, किंवा नव्या कातडी तळव्यावर काचकागद फिरवून तो खरखरीत करून घ्यावा. आणि कोठेही असले तरी टाच दोन इंचांवर जाऊ नये. घोट्याभोवती पट्टा असावा, कारण मागून उघडे जोडे पायरी उतरताना मालकिणीच्या आधी खाली पोचतात. हे सांगण्यास पंडित लागत नाही, कोणताही अनुभवी दुकानदार हे सांगेल. परंतु दुकानात जाताना आपण दुकानदाराचे ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो, हातातल्या फोनवर कोणा परदेशी लग्नाचे चित्र असते आणि त्याबरहुकूम सहा जोड मिळावेत एवढीच मागणी असते.

आणि पाय? सहा करवल्यांपैकी एक नववीत शिकणारी आतेबहीण असते, एक पस्तिशीतली, दोन बाळंतपणांनंतर पाय रुंदावलेली मैत्रीण असते, एकीच्या अंगठ्याचे हाड बाहेर आलेले असते आणि एक आयुष्यात कधी टाचेवर उभी राहिलेली नसते. या सहाजणींना एकाच नमुन्यात बसविण्याचा अट्टाहास आपण करतो, तो नमुना बहुधा युरोपीय पायाच्या साच्यावर बेतलेला असतो. आपल्याकडे अद्याप मुख्यत्वे चालणारी मापे इंग्रजांची. त्यांत एका क्रमांकाचे दुसऱ्या क्रमांकापासूनचे अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते, तर युरोपीय मापांत ते पावणेसात मिलिमीटरच्या घरात भरते, आणि म्हणून एका पद्धतीतून दुसरीत केलेले रूपांतर नेहमीच थोडेफार चुकते. त्यातही ही मापे लांबीची. रुंदीची दाद कोणी घ्यावी? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांच्या पायांची त्रिमितीय यंत्राने मोजदाद केली, तेव्हा भारतीयांचे पाय युरोपीयांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचे निष्पन्न झाले, आणि त्यावरून 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली. आपल्या आयाबहिणी पिढ्यान् पिढ्या जे सांगत आल्या, की या जोड्यांत बोटे आवळतात, त्याला सरकारी यंत्राने उशिरा का होईना दुजोरा दिला. रुंदी मिळत नाही म्हणून मुली एक क्रमांक मोठा घेतात, मग टाच मागे सुटते, मग आत कापूस कोंबतात, आणि अशा रीतीने एका जोड्यात एकाच वेळी आवळणे आणि सुटणे हे दोन्ही दोष नांदतात.

यावर उपाय आहेत आणि ते जुनेच आहेत. जोडे सायंकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि लग्नातला कसोटीचा काळ सायंकाळनंतरच येतो. दुकानातल्या गालिच्यावर चार पावले टाकून समाधान मानू नये, बाहेरच्या फरशीवर चालून पाहावे. दोन आठवडे आधीपासून घरात मोजे घालून ते थोडे थोडे वापरावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झगा शिवणाऱ्या बाईकडे शेवटच्या मापाला जाताना तेच जोडे पायांत असावेत. टाचेच्या उंचीत अर्ध्या इंचाचा फरक पडला की झग्याची किनार एक तर जमीन झाडते नाहीतर घोट्याच्या वर जाऊन बसते, आणि लग्नाच्या आदल्या रात्री सहा झग्यांच्या किनारी उसवून पुन्हा घालण्याची पाळी आली की शिवणारीण, वधू आणि करवल्या या तिन्ही पक्षांचा तहनामा मोडतो. ज्यांना सवड आणि ऐपत आहे त्यांनी कारागिराकडे जाऊन कागदावर पाय ठेवून आकार काढून घ्यावा. मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीसारख्या वस्तीत पादत्राणे करणारे शेकडो हात आहेत. एकाच कापडाचे, एकाच रंगाचे, परंतु प्रत्येकीच्या पायाच्या रुंदीचे आणि प्रत्येकीला झेपेल त्या टाचेचे सहा जोड करवून घेणे तिथे अशक्य नाही. एकसारखेपणाचीच हौस असेल तर ती पुरविण्याचा हा खरा मार्ग आहे, आणि त्यात चार कारागिरांच्या घरी चूलही पेटते.

रंगाविषयी थोडक्यात. एके काळी अमेरिकेत पांढऱ्या सॅटिनचे जोडे घेऊन झग्याच्या कापडाच्या तुकड्यावरून ते हुबेहूब त्याच छटेत रंगवून घेण्याचा प्रघात मोठा होता. जोडा पाण्यात भिजला की रंग ओघळतो, आणि लग्नानंतर त्या पिस्ता किंवा जांभळ्या जोड्यांचा जन्मात दुसरा उपयोग होत नाही, या दोन कारणांनी तो प्रघात मागे पडला. आपल्याकडे मात्र त्याची नक्कल आता उशिरा येऊ पाहत आहे. याहून मला खटकते ते 'स्किन कलर' नावाचे प्रकरण. दुकानदार स्किन कलर म्हणून जी गुलाबट पांढुरकी छटा पुढे करतो, ती सहा करवल्यांपैकी एकीच्याही त्वचेची नसते. ती कोणा परक्या मुलखातल्या बाईची त्वचा असते, आणि आपण ती बिनतक्रार आपल्या पायांवर चढवितो. सोनेरी किंवा चंदेरी मंद छटेचा जोडा घ्यावा, तो कोणत्याही झग्याखाली चालतो आणि पुढे नाताळच्या मिस्साला व दुसऱ्याच्या लग्नालाही घालता येतो. झगा पायघोळ असेल तर तेवढाही विचार करण्याचे कारण नाही, कारण जो जोडा दिसतच नाही त्याच्या छटेवरून भांडणे ही निव्वळ चैन आहे.

यावर छायाचित्रकाराची हरकत येते, ती मी ऐकली आहे. सहा मुली झगे किंचित उचलून आपापले जोडे एका रांगेत पुढे करतात, हे चित्र हल्ली प्रत्येक लग्नाच्या संग्रहात असावेच लागते. असो, असावे. पण एका चित्रासाठी आठ तासांची शिक्षा हा हिशेब मला पटत नाही, आणि सहा निरनिराळ्या जोड्यांचे चित्र कमी सुंदर दिसेल हेही कोणी सिद्ध केलेले नाही. एकसारखेपणात सौंदर्य नसते असे मी म्हणत नाही. लेझीमचे पथक पाहून ज्याचे मन उल्हसित होत नाही असा माणूस विरळा. लष्करही गणवेशाची सक्ती करते. मात्र तेथे बूट प्रत्येक शिपायाच्या मापाचे असतात आणि ते सरकारी खजिन्यातून मिळतात. आपल्या घरांतली रीत याच्या उलट. नमुना वधूपक्ष मुक्रर करतो, आणि पैसे कोणी द्यायचे या कलमावर सारे गप्प बसतात. काही घरांत यजमान देतात, काही घरांत मुलीने आपले आपण घ्यावेत असा संकेत असतो, आणि जी मुलगी नुकतीच पहिल्या नोकरीला लागली आहे, जिच्या घरी धाकट्या भावाची फी भरावयाची आहे, ती विरार लोकलला लोंबकळून वांद्र्याच्या हिल रोडवर जाते आणि महिन्याच्या पगारातला मोठा तुकडा एका रात्रीच्या जोड्यांवर खर्च करून येते. तिला नाही म्हणता येत नाही. करवली होणे हा मान आहे, आणि मानाला नकार दिला तर नाते दुखावते. म्हणजे मानाच्या नावाने ही एक प्रकारची वसुलीच झाली. ज्याचा हुकूम त्याचा खर्च हा न्याय सावकारसुद्धा मानीत होते. यजमानांस विशिष्ट जोडाच हवा असेल तर त्यांनी तो विकत घेऊन, प्रत्येकीच्या पायाला बसतो की नाही हे पाहून द्यावा. पैसे मुलींचे असतील तर यजमानांचा अधिकार रंगाची एक व्यापक मर्यादा सांगण्यापलीकडे जात नाही, आणि घरात आधीच असलेला बरा जोडा पुसून-पॉलिश करून घालण्याची मुभा त्यांना बिनशर्त असली पाहिजे.

अलीकडे वसईत काही तरुण मुली करवली म्हणून पुन्हा लुगडे नेसू लागल्या आहेत, आणि त्याखाली कोल्हापुरी चपला घालतात. मला हे पाहून आनंद होतो, तो केवळ जुन्याच्या प्रेमाने नव्हे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले, ते महाराष्ट्राच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांतील कारागिरांना मिळून. त्या चपलेचा तळवा सपाट, अंगठ्याला मोकळीक, आणि वापराने ती पायाचा आकार घेते. दोष तिच्यातही आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. कोरी कोल्हापुरी पहिले काही दिवस पाय सोलून काढते, तिचा कातडी तळवा चर्चच्या फरशीवर घसरतो, आणि धर्मगुरूंचे प्रवचन चालू असताना मागून कोणी मुलगी बाळाला घेऊन निघाली तर तिच्या चपलांची करकर सबंध भाविकांना ऐकू जाते. तेल देऊन, आधी महिनाभर वापरून आणि खाली रबराची पट्टी ठोकून घेतली की हे तिन्ही दोष जातात. उंच टाचेचे दोष मात्र तेल दिल्याने जात नाहीत.

फुले उधळीत पुढे चालणाऱ्या लहान मुलींविषयी तर वादच नसावा. पाच वर्षांच्या पोरीला टाचेचा जोडा देणारे दुकान आज आहे, आणि तो घेणारे आईबापही आहेत. या दोघांची समजूत घालण्याइतके माझे लेखनसामर्थ्य नाही. तिला पट्ट्याचे सपाट बूट द्यावेत आणि हॉलमध्ये ती ते काढून अनवाणी धावू लागली तर तिच्यामागे धावू नये.

इतके सांगूनही एखाद्या घरातल्या मावशीबाई त्या चित्रातल्याच जोड्यांवर अडून बसल्या, तर माझी एक तजवीज आहे. सहा जोडांची मागणी नोंदविण्यापूर्वी त्याच नमुन्याचा, त्याच टाचेचा एक जोड मावशीबाईंच्या मापाचा आणवावा. येत्या रविवारी तो घालून त्यांनी घरापासून चर्चपर्यंत पायी जावे, सबंध मिस्सात जिथे उभे राहावयाचे तिथे उभे राहावे, जिथे गुडघे टेकावयाचे तिथे टेकावेत, परत येताना वाडीतून विहिरीपर्यंत एक फेरी मारावी आणि कडेवर एखादे नातवंड घ्यावे. सायंकाळी बँडच्या ध्वनिमुद्रणावर दोन नाच करून झाल्यावर तो जोडा अद्याप त्यांच्या पायांत असेल, तर त्यांनी खुशाल उरलेले सहा मागवावेत. बिल मात्र त्यांच्याच नावे निघावे.